लेखाशीर्ष ८०९६

कॅलिफोर्नियातल्या कुठल्याही स्कूल डिस्ट्रिक्टचा अर्थसंकल्प उघडा. जमेच्या बाजूला मालमत्ता कराची लेखाशीर्षे एकाखाली एक लावलेली दिसतात. ८०४१ मध्ये घरे, जमिनी, इमारतींवरचा चालू वर्षाचा कर, ८०४२ मध्ये ज्या मालमत्तेमागे जमिनीचे तारण नाही तिच्यावरचा, ८०४३ मध्ये मागच्या वर्षांची वसुली, ८०४४ मध्ये घर विकले गेल्यावर नव्या किमतीप्रमाणे होणारी पुरवणी आकारणी. थोडे खाली ८०९६ येते आणि तिथे एक वजा रक्कम असते. खर्चाच्या बाजूला नव्हे, जमेच्या बाजूलाच वजा. डिस्ट्रिक्टने आपल्या हद्दीतल्या चार्टर शाळांना 'मालमत्ता कराच्या बदल्यात' दिलेले हे पैसे. चार्टर शाळेच्या वहीत याच क्रमांकाखाली तीच रक्कम अधिक म्हणून लागते, म्हणजे सगळ्या राज्याची बेरीज केली तर शून्य यायला हवे. चार्टर शाळांचे हिशोब पाहणाऱ्या माझ्यासारख्याचा बराच वेळ या वजा आणि अधिकची गाठ घालण्यात जातो. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. या रकमेचे आजचे कळवणे नियमाला धरून असते, पण त्यातून कोणी किती द्यायचे होते, किती दिले आणि कधी दिले, यातले काहीच कळत नाही. डिस्ट्रिक्टने ही रक्कम एकगठ्ठा न दाखवता प्रत्येक चार्टर शाळेची वेगळी, महिन्यागणिक, देय आणि प्रत्यक्ष दिलेली अशा दोन रकान्यांत, आकडेमोडीसकट जाहीर केली पाहिजे.

आधी हा पैसा येतो कुठून ते सांगायला हवे. चार्टर शाळा म्हणजे खासगी शाळा नव्हे. ती सरकारी पैशावर चालते, फी घेत नाही, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढते. फक्त तिचा रोजचा कारभार डिस्ट्रिक्टऐवजी बहुधा एखादी ना-नफा संस्था पाहते. १९९१ साली मिनेसोटाने असा पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये कॅलिफोर्नियाने दुसरा. कर बसवण्याचा अधिकार मात्र चार्टर शाळेला नाही. घरमालक कर भरतो काउंटीकडे, काउंटीचा ऑडिटर तो शहर, काउंटी, डिस्ट्रिक्ट अशा सगळ्यांत वाटतो, आणि या वाटपाच्या यादीत चार्टर शाळेचे नावच नसते. तिच्यापर्यंत जे पोहोचते ते डिस्ट्रिक्टच्या हातून. त्यातही १९७८ च्या 'प्रपोझिशन १३' ने मूळ कराचा दर मूल्यांकनाच्या एक टक्क्यावर बांधला आणि मालकी बदलेपर्यंत मूल्यांकनाची वाढ वर्षाला फार तर दोन टक्क्यांवर. म्हणून फ्रीमाँट किंवा सनीवेलमध्ये गेल्या काही वर्षांत घर घेतलेले मराठी कुटुंब शेजारच्या तशाच घरात चाळीस वर्षे राहणाऱ्या आजोबांच्या कित्येक पट कर भरते. किती कर जमेल हे त्या परिसरात घरे किती वेगाने हात बदलतात यावर ठरते, शाळेत किती मुले आहेत यावर नाही. या दोन गोष्टींचा सांधा जुळवण्याचे काम राज्याच्या सूत्राकडे आहे. २०१३ पासून चालत आलेल्या या सूत्राने आधी प्रत्येक शाळेचा हक्काचा आकडा ठरतो: इयत्ता, सरासरी हजेरी, गरीब आणि इंग्रजी शिकत असलेल्या मुलांचे प्रमाण यांवरून. त्यातून स्थानिक मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेले राज्य भरते.

चार्टर शाळेचा वाटा काढायची रीत कागदावर सोपी आहे. डिस्ट्रिक्टला मिळालेला मालमत्ता कर भागिले डिस्ट्रिक्टची आणि तिच्या चार्टर शाळांची मिळून सरासरी हजेरी. जो दर येईल तो गुणिले त्या चार्टर शाळेची हजेरी. समजा डिस्ट्रिक्टला गेल्या वर्षी ६ कोटी डॉलर मिळाले, स्वतःची हजेरी ८,००० आणि चार्टर शाळांची २,०००. मुलामागे ६,००० डॉलर पडले, आणि ४०० मुलांच्या शाळेचा वाटा झाला २४ लाख. कायद्याने हे पैसे दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत द्यायचे असतात. ऑगस्टमध्ये सहा टक्के, सप्टेंबरमध्ये बारा, ऑक्टोबर ते जानेवारी दरमहा आठ, सगळे गेल्या वर्षीच्या करावर बेतलेले. म्हणजे १,४४,०००, मग २,८८,०००, मग चार वेळा १,९२,०००. जानेवारीअखेर बरोबर अर्धे, १२ लाख. फेब्रुवारीपासून चालू वर्षाचा अंदाज लागू होतो. समजा कर वाढून ६ कोटी ४० लाख होणार आहे, एकूण हजेरी तेवढीच आहे, पण आपली शाळा ४२० वर गेली आहे. आता हक्क झाला २६,८८,०००. त्यातून दिलेले १२ लाख वजा जाता जे उरते त्याचा सहावा भाग, २,४८,०००, फेब्रुवारी ते जून दरमहा द्यायचा, आणि मार्चमध्ये एक सहावा भाग आणखी. मार्चचा हप्ता ४,९६,००० असला पाहिजे तो असा. जुलैमध्ये सुधारित आकड्यांवर पुन्हा एक हिशोब होतो आणि राहिलेले मिटवले जाते.

आता या शाळेच्या खात्यात मार्चमध्ये प्रत्यक्ष काय जमा होते ते पाहिले की दुखणे कळते. देखरेखीचे शुल्क म्हणून डिस्ट्रिक्टला चार्टर शाळेच्या मुख्य अनुदानाच्या एक टक्क्यापर्यंत घेता येते, आणि जवळजवळ बिनभाड्याची इमारत दिली असेल तर तीन टक्क्यांपर्यंत. विशेष शिक्षणाच्या खर्चातली तूट असते, तिचा वाटा असतो. हे सगळे स्वतंत्र बिल करून मागणारे डिस्ट्रिक्ट असतात, तसेच हप्त्यातून परस्पर कापून उरलेली रक्कम पाठवणारेही असतात. मग शाळेच्या वहीत एक आकडा येतो, सोबत महिन्याचे नाव आणि फार तर डिस्ट्रिक्टचे नाव. त्यात मार्चचा हप्ता किती, फेब्रुवारीची राहिलेली बाकी किती, कपात किती, हे उलगडत बसायचे. डिस्ट्रिक्टकडे पाच चार्टर शाळा असतील तर तिच्या अर्थसंकल्पात पाचांचे मिळून एकच वजा. वर्ष संपल्यावर दोन्ही बाजूंचे ८०९६ जुळतेही, कारण तोवर दोघांनी एकमेकांच्या आकड्याकडे पाहून येणे-देणे नोंदवून टाकलेले असते. वर्षअखेरीचा मेळ बसला म्हणून वर्षभर पैसे वेळेवर आले असे नाही. एवढे साधे विधान आजच्या अहवालावरून सिद्ध करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो जाणकारांकडूनच, आणि तो पोकळ नाही. ते म्हणतात, फरक कशाला पडतो? मालमत्ता कराचा वाटा कमी आला तर राज्याचे अनुदान तेवढे वाढते, जास्त आला तर तेवढे घटते. शाळेचा एकूण आकडा ठरलेला आहे; डाव्या खिशातले उजव्या खिशात. बहुतेक डिस्ट्रिक्टांत वर्षाच्या एकूण बेरजेपुरते हे खरे आहे. पण पगार वर्षाच्या बेरजेतून होत नाहीत, महिन्याच्या शिलकेतून होतात. २०२०-२१ मध्ये कोविडच्या धास्तीने राज्याने फेब्रुवारी ते जून २०२१ या महिन्यांचे शाळांचे अनुदान पुढे ढकलले. पुढे ढकलले ते राज्याचे पैसे. मालमत्ता कराचा वाटा ढकलायचा प्रश्नच नव्हता, कारण तो राज्याच्या तिजोरीत नसतोच. त्यामुळे हक्काचा आकडा तोच असूनही ज्या चार्टर शाळेचा मोठा भाग मालमत्ता करातून येत होता तिला निम्मी-अधिक रक्कम वेळेवर मिळत राहिली आणि जिचा बहुतेक भाग राज्याकडून येतो तिला कर्जाच्या दारात उभे राहावे लागले. मोठ्या डिस्ट्रिक्टला काउंटीच्या कोषागाराकडून उचल मिळू शकते. छोट्या चार्टर शाळेला येणे विकून पैसे उभे करावे लागतात, आणि त्यावर व्याज मोजावे लागते. ते व्याज कुठल्याही सूत्रात भरून मिळत नाही.

शिवाय काही डिस्ट्रिक्टांत वर्षाच्या बेरजेतही फरक पडतो. पालो अल्टोसारख्या ठिकाणी मालमत्ता कर इतका जमतो की तो सूत्राने ठरलेल्या हक्कापेक्षा जास्त होतो. अशा डिस्ट्रिक्टांना जुन्या सवयीने 'बेसिक एड' म्हणतात. जादा कर त्यांनी ठेवून घ्यायचा असतो आणि भरपाईचे अनुदान राज्य देत नाही. तिथे सरासरीचा दर फार वर जातो, म्हणून कायद्याने चार्टर शाळेच्या वाट्याला इयत्तेनुसार ठरलेल्या अनुदानाची मर्यादा घातली आहे, पण तेवढे तरी सगळे डिस्ट्रिक्टच्या खिशातून जाते. मूल डिस्ट्रिक्टच्या शाळेतून चार्टर शाळेत गेले की इतरत्र राज्य जी तोंडमिळवणी करते ती इथे होत नाही. अशा ठिकाणी ८०९६ मधला आकडा शिक्षकांच्या जागांशी थेट जोडलेला असतो, आणि नेमका तोच आकडा जमेतून आधीच वजा करून दाखवलेला असल्यामुळे बोर्डाच्या सभेत कोणी त्यावर बोट ठेवत नाही. खर्च असता तर ठेवले असते. खर्चाची ओळ वाढली की सदस्य विचारतात. जमेतली एक वजा ओळ वाढली तर एकूण जमा थोडी कमी दिसते आणि चर्चा पुढे सरकते. उलट टोकाला दीडशे मुलांचे एखादे ग्रामीण डिस्ट्रिक्ट काही हजार मुलांच्या ऑनलाइन चार्टर शाळांना परवानगी देते तेव्हा भागाकाराखालची हजेरीच इतकी फुगते की गावच्या मालमत्ता कराचा बहुतेक भाग चार्टर शाळांच्या नावे निघून जातो आणि त्या दीडशे मुलांसाठी राज्य भरपाई करते. गावकरी घरपट्टीची बिले भरतात आणि समजतात की आपला पैसा आपल्या शाळेत चालला आहे.

दुसरी एक तरतूद आहे, तिच्यामुळे कळवण्याचा प्रश्न अधिकच नाजूक होतो. डिस्ट्रिक्टने चार्टर शाळेचा अर्ज फेटाळला आणि वर दाद मागून काउंटीच्या शिक्षण मंडळाने तो मंजूर केला, तर मालमत्ता कराचा वाटा द्यायची जबाबदारी आधी फेटाळणाऱ्या डिस्ट्रिक्टवरच येते. कायदा म्हणून हे बरोबर आहे, कारण कर त्या डिस्ट्रिक्टच्याच हद्दीतला. पण माणसांच्या पातळीवर पाहा: जी शाळा नको म्हणून ठराव केला तिला दर महिन्याच्या १५ तारखेला पैसे पाठवायचे. आडमुठेपणा करायला कोणी जाणूनबुजून बसते असे मी म्हणत नाही. पण वित्त विभागात कामाचा ढीग पडला की खाली कुठला कागद जातो, हे कार्यालयात काम केलेल्या कोणालाही सांगायला नको. उशीर झाला की शाळा म्हणते मुद्दाम केला, डिस्ट्रिक्ट म्हणते काउंटीकडून आकडे उशिरा आले, आणि दोघांपैकी कोण खरे ते ठरवायला हप्त्यांची तारीखवार नोंद एका जागी कुठेच जाहीर नसते.

राज्याचा शिक्षण विभाग प्रत्येक चार्टर शाळेचा मालमत्ता कराचा वाटा प्रसिद्ध करतोच, मग आणखी कशाला, असेही विचारले जाते. विभाग प्रसिद्ध करतो तो हक्क: वर्षाला किती देय आहे तो आकडा. तो गरजेचा आहे आणि आमच्या कामाचा पायाच आहे. पण देय म्हणजे दिले नव्हे. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. शिक्षण हक्क कायद्याखाली २५ टक्के जागांवर मुले घेतलेल्या शाळांची प्रतिपूर्ती कागदावर ठरलेली असते आणि संस्थाचालक थकबाकीसाठी वर्षानुवर्षे खेटे घालतात. तशीच महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलावर १९६२ च्या कायद्याने शिक्षण उपकराची ओळ येते आणि तो पैसा पुढे कुठे गेला ते भरणाऱ्याला बिलावरून कळत नाही. कॅलिफोर्नियातली यंत्रणा यापेक्षा पुष्कळ शिस्तीची आहे, पण देय आणि दत्त यांच्यामधली फट तिथेही आहे.

काम वाढेल, हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण ते काम कोणावर पडते हे मला ठाऊक आहे. छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये वित्त विभाग म्हणजे दीड माणूस, आणि त्यांच्या डोक्यावर आधीच अंतरिम अहवाल, हजेरीचे अहवाल, लेखापरीक्षण. मात्र मी मागतो तो तक्ता नव्याने तयार करायचा नाही. हप्ता पाठवायचा तर त्याची आकडेमोड कोणीतरी केलेलीच असते. केली नसेल तर हप्ता कशावरून पाठवला? काउंटी ऑडिटरकडून आलेला कराचा अंदाज, हजेरीचे आकडे, दर, टक्केवारी, कपात आणि पाठवल्याची तारीख. हे सगळे एका कागदावर बसते आणि बहुतेक ठिकाणी कोणाच्या तरी संगणकात एका फाइलमध्ये पडलेले असते. मला तर वाटते यात डिस्ट्रिक्टचाच वेळ वाचेल. या एका आकड्यावरून दोन्ही कार्यालयांत जेवढ्या ईमेल फिरतात त्यातल्या निम्म्या तरी बंद होतील.

चार्टर शाळा स्वतः कुठे पारदर्शक आहेत, असे विचारणाऱ्यांकडे पुरावे आहेत. २०१९ मध्ये सॅन दिएगोत ऑनलाइन चार्टर शाळांच्या एका जाळ्यावर खटला उभा राहिला. हजेरी फुगवून राज्याकडून कोट्यवधी डॉलर उकळल्याचा आरोप होता, आणि परवानगी देणाऱ्यांत देखरेखीचे शुल्क मिळवणारी अगदी छोटी डिस्ट्रिक्टे होती. म्हणून चार्टर शाळांवर नजर कडक हवी, यात वाद नाही. पण त्या प्रकरणावरूनच दिसते की देयक जाहीर न करण्याने फायदा होतो तो लबाडाचा. दीडशे मुलांच्या डिस्ट्रिक्टमधून कित्येक पट हजेरीच्या नावे हप्ते जात आहेत हे दरमहा उघड्यावर आले असते तर शेजारच्या एखाद्या करदात्याने तरी विचारले असते. हीच जबाबदारी दुसऱ्या बाजूनेही हवी, म्हणजे चार्टर शाळेने मिळालेला हप्ता आणि तारीख आपल्या संकेतस्थळावर टाकावी. मग दोन तक्ते शेजारी ठेवून कोणीही तपासू शकेल.

राहिला राजकारणाचा मुद्दा. आकडे बाहेर आले की ते चार्टरविरोधकांच्या हाती कोलीत होतील, अशी भीती चार्टरवाल्यांना वाटते. समर्थकांच्या हाती पडतील, अशी डिस्ट्रिक्टांना. दोघेही बरोबर आहेत. पण २०१९ च्या 'असेंब्ली बिल १५०५' नंतर ही भीती बाळगून चालत नाही. त्या कायद्याने नवी चार्टर शाळा नाकारताना डिस्ट्रिक्टला आर्थिक परिणाम हे कारण देता येऊ लागले. म्हणजे आता याच आकड्यावरून एखाद्या शाळेचा जन्म ठरू शकतो, आणि सुनावणीत एक बाजू म्हणते इतक्या कोटींचा फटका, दुसरी म्हणते फटका शून्य, राज्य भरून देते. जिथे डिस्ट्रिक्ट 'बेसिक एड' आहे तिथे पहिली बाजू खरी, जिथे नाही तिथे दुसरी बरीचशी खरी, आणि ऐकणाऱ्या बोर्डापुढे यांतले खरे कोणते ते ताडायला फक्त एक वजा ओळ. एरवीही मालमत्ता कराच्या वाटपात चार्टर शाळा कुठे धरायच्या हे आपोआप स्पष्ट नसते. राज्याच्या शाळा-हिश्शासाठी काउंटीने बाजूला काढायच्या कराच्या निधीतला जादा भाग मोजताना चार्टर शाळांची गरज धरली जाते की नाही, यावर कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाच्या विश्लेषण कार्यालयाने २०२० मध्ये बे एरियातल्या काही काउंट्यांबद्दल प्रश्न उपस्थित केले होते. जिथे ऑडिटरांमध्येच मोजणीवरून दुमत होते तिथे करदात्याने आपोआप समजून घ्यावे ही अपेक्षा अवाजवी आहे.

इतर राज्यांत भांडण याच्याही आधीच्या टप्प्यावर आहे. कोलोरॅडोत मतदारांनी मंजूर केलेल्या जादा मालमत्ता कराचा वाटा चार्टर शाळांना द्यायचा की नाही हेच २०१७ च्या कायद्यापर्यंत डिस्ट्रिक्टवर सोडलेले होते. फ्लोरिडात इमारतींसाठीच्या कराचा हिस्सा टप्प्याटप्प्याने वाटायचा कायदा २०२३ मध्ये झाला. कॅलिफोर्नियात मूळ एक टक्क्याचा वाटा कायद्याने केव्हाच पक्का झाला आहे, मात्र मतदारांनी भूखंडावर बसवलेला जादा कर त्यात धरत नाहीत; ऑकलंडने २०१६ मध्ये मेझर जी-१ मांडताना चार्टर शाळांचा वाटा मतपत्रिकेतच लिहिला तो म्हणूनच. हक्क पक्का आहे तिथे वाद उरतो फक्त हिशोबाचा, आणि हिशोबाचा वाद मिटवायला ठराव लागत नाहीत, तक्ता लागतो.

हा तक्ता चार्टर शाळांच्याच बाजूने बोलेल असे मात्र कोणी समजू नये. घरमालक कराचा पहिला हप्ता १० डिसेंबरपर्यंत भरतात आणि दुसरा १० एप्रिलपर्यंत, त्यामुळे डिस्ट्रिक्टच्या हातात मोठी रक्कम डिसेंबरच्या मध्यानंतर पडते. चार्टर शाळांना द्यायचे हप्ते ऑगस्टपासून सुरू होतात. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर मिळून ३४ टक्के रक्कम डिस्ट्रिक्ट न आलेल्या करातून, म्हणजे स्वतःच्या गंगाजळीतून देत असते, आणि त्यावर तिला व्याज मिळत नाही. वरच्या उदाहरणातल्या एका शाळेपुरते ते ८ लाख १६ हजार डॉलर होतात, आणि डिस्ट्रिक्टच्या पदरात अशा पाच शाळा आहेत. तारीखवार दोन रकाने मांडले की नोव्हेंबरअखेरची ही उसनवारी कोणालाही मोजता येईल, आणि कायद्यातली ऑगस्टची तारीख पुढे न्यावी असे डिस्ट्रिक्टला विधिमंडळात मांडायचे असेल तर तिचे वित्त अधिकारी हाच तक्ता घेऊन जातील.